तोंडी परीक्षेचा लेखी अर्ज

छापील कागदावर मी आजवर तीन ठिकाणी आले. एक रेशन कार्डावर. दुसरं मतदार यादीत, तिथे मी माझ्या मोठ्या बहिणीपेक्षा सहा वर्षांनी म्हातारी आहे. तो विषय वेगळा. आणि तिसरं यंदा, विज्ञानाच्या एका अहवालात. हा अहवाल आमच्या शाळेतून धुळ्याला गेला, आणि त्यात मी ‘संभाव्य कारण’ नावाच्या रकान्यात आहे. कशाचं कारण, ते मीच सांगते. नाहीतर शेजारची सुगंधाबाई सांगेल, आणि तिच्याकडून ऐकलेलं कोणाच्याच भल्याचं नसतं.

आमचं गाव जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे. घरात मी, मुलगा सुकलाल, सून उषा आणि नात दिपमाला. सुकलाल रावेरहून केळीचा ट्रक नेतो, आठवड्यातून एकदा घरी येतो आणि आला की झोपतो. दिपमाला नववीत आहे. अशी गुणी पोर तुम्हाला पंचक्रोशीत मिळणार नाही. उलट बोलत नाही, सुलट बोलत नाही. मी सकाळी चहाला उठल्यापासून सगळ्यांना सगळं सांगत असते, त्यामुळे तिच्यावर बोलायची वेळच येत नाही. घर असं चालवावं लागतं.

तिला नर्सिंगला जायचं आहे. हेही तिने मला सांगितलं नव्हतं, वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. सुकलालने एका रविवारी झोपेतून उठून सांगितलं, “विज्ञानात साठ उनात तर नर्सिंगनं दखू. नही ते दहावीनंतर घर.” शंभरात साठ आले तर नर्सिंगचं बघू, एवढं बोलून तो पुन्हा झोपला. मी पोरीला म्हटलं, “घाबरू नको. मी बसले आहे ना.” मी असं म्हटलं की घरातली माणसं जरा गप्प होतात. मला वाटायचं, धीर येत असेल.

मग शाळेत वीस मार्कांची चाचणी झाली आणि दिपमालाला सात मिळाले.

मी चौथी पास आहे. वाचते सावकाश, पण अक्षर सोडत नाही. पेपर घेऊन ओसरीत बसले. तिसरा प्रश्न होता, ‘दुधाचे दही होण्याची क्रिया स्पष्ट करा.’ पोरीने लिहिलं होतं, ‘दूध कोमट करून विरजण लावावे. भांडे कापडात गुंडाळून चुलीजवळ ठेवावे. सकाळपर्यंत उघडून पाहू नये.’ त्यावर लाल फुली! पाचवा प्रश्न, ‘लोणच्याला बुरशी का येते?’ उत्तर, ‘ओला हात लावल्यामुळे. लावणारीला समज द्यावी.’ त्याला अर्धा मार्क. तोही बहुधा पहिल्या वाक्याला.

माझ्या डोक्यात जाळ झाला. कारण ही उत्तरं शब्दन् शब्द माझी होती. आदल्या दिवशी मीच तिचा अभ्यास घेतला होता. पुस्तक तिच्या हातात, प्रश्न ती वाचणार, उत्तर मी देणार, असा आमचा अभ्यास चालतो. चाळीस वर्षं माझं दही लागतं आहे. गावातल्या निम्म्या घरांत माझं विरजण आहे. मग हे उत्तर चुकलं कसं?

विचार करून करून मला एकच गोष्ट कळली. मी बोलले तेव्हा उत्तर बरोबर होतं. कागदावर उतरलं आणि चुकलं. म्हणजे दोष उत्तरात नव्हता, पोरीत नव्हता आणि माझ्यात तर नव्हताच. दोष लिहिण्यात होता.

हे मी ओसरीतून जरा मोठ्यानेच म्हटलं. लगेच सुगंधाबाई तिच्या दारात आली. तिच्या नातीला, ममताला, त्याच चाचणीत चौदा मिळाले होते, आणि ते तिने सकाळपासून मला तीनदा सांगून झालं होतं.

“कमल, लिखाले हात लागस आणि बोलाले तोंड,” ती म्हणाली. “तुम्हना घरमा तोंड एकच शे वं बाई.”

मी तिकडे लक्ष दिलं नाही. ते तेव्हाच द्यायला हवं होतं, पण सुगंधाबाईचं बोलणं मनावर घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

लक्ष दिलं ते झुलाल आबांकडे. आबा पोस्टातून निवृत्त झाले. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटल्यामुळे प्रत्येक कागदाची आपल्याला माहिती आहे असं त्यांना वाटतं. पेपर उलटा-सुलटा करून ते म्हणाले, “अक्का, तोंडी परीक्षा मागा. कायद्यात आहे.” कोणत्या कायद्यात, हे आबा कधी सांगत नाहीत. त्यांच्या मते सगळंच कायद्यात आहे. मागच्या वर्षी त्यांनी माझ्या म्हशीचं आटणंसुद्धा कायद्यात बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून मी शाळेत गेले. हेडसरांसमोर बसले आणि अर्धा तास सगळं व्यवस्थित सांगितलं. दही, बुरशी, लाल फुली, तोंडी परीक्षा, काही सोडलं नाही. हेडसरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अर्ज द्या.”

“अर्ज कशाला? मी समोर बसून बोलते आहे ना?”

“तोंडी चालत नाही अक्का. लेखी पाहिजे.”

आता मला सांगा, तोंडी परीक्षा मागायला आलेल्या बाईला या माणसाने हे उत्तर द्यावं? पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घरी आले. आबांनी अर्ज लिहिला. त्यात ‘सविनय’ तीनदा आणि ‘कृपावंत’ दोनदा होतं, मी त्यातलं एकेक कापायला लावलं. कारकून म्हणाला दोन प्रती. दोन केल्या. मग म्हणाला वडिलांची सही. सुकलाल रविवारी आला, झोपायच्या आधी सही केली. कशावर केली हे अजून विचारलेलं नाही. मग कारकून म्हणाला, “याला पालक-शिक्षक संघाचा ठराव लागतो.”

“कोण असतं त्या संघात?”

त्याने रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्हीच आहात की.”

खरंच होते. दोन वर्षांपासून! महिला सदस्य म्हणून. दर महिन्याला शाळेचा शिपाई माझ्या भाकरीच्या वेळेला रजिस्टर घेऊन यायचा, “अक्का, सही,” म्हणायचा, आणि मी पिठाच्या हाताने सही करायचे. मला वाटायचं शाळेतल्या खिचडीच्या तांदळाचं काही असेल. आता पाहिलं तर मी नळाच्या तोट्या मंजूर केल्या होत्या, सहलीला नकार दिला होता आणि शाळेच्या भिंतीला तो शेवाळी रंग द्यायला अनुमोदन दिलं होतं. त्या रंगावरून मी दोन वर्षं शाळेला नावं ठेवत होते.

पण सदस्य म्हटल्यावर काम सोपं झालं. मी बैठक बोलावली आणि ठराव स्वतः सांगितला: ‘विज्ञानाचे आतले, म्हणजे शाळेने द्यायचे, वीस मार्क या वर्षी तोंडी परीक्षेवरच धरावेत. लेखीवर धरू नयेत. यात मागाहून कोणीही बदल मागू नये.’ शेवटचं वाक्य मी खास सुगंधाबाईला डोळ्यांसमोर ठेवून घातलं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. आबांनी टाळ्या वाजवल्या. ते सदस्य नाहीत, पण बैठकीला येतात.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो करमसिंग सरांना. हे विज्ञान शिकवतात. साक्रीकडचे, डोंगरातल्या पाड्यावरचे. अंगाने काटकुळे, आवाज इतका मऊ की फळ्याजवळ बोलले तर पहिल्या बाकाला ऐकू येतं. लाल फुली यांनीच मारली होती, त्यामुळे मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. पण तेच माझ्याकडे आले.

“अक्का, तुम्ही माझ्या मनातलं केलं. तोंडी आणि लेखी परीक्षांची तुलना, असा अहवाल मला माझ्या पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याच्या कॉलेजात द्यायचा आहे. तेच प्रश्न, तीच मुलं. आधी लेखी घेऊ, फक्त तुलनेसाठी. मग तोंडी, मार्कांसाठी. बघू कशात मुलांचं खरं ज्ञान दिसतं.”

“तोंडीत,” मी म्हटलं.

“हो, पण बघू तरी. एक निरीक्षक लागेल, पालकांमधून.”

निरीक्षकाला खुर्ची मिळते, असं आबांनी सांगितलं. कायद्यात आहे. मी तयार झाले.

लेखी परीक्षा गुरुवारी झाली. त्यात निरीक्षक लागत नव्हता, म्हणून मी गेले नाही. शुक्रवारी तोंडी. मुलं अडतीस. एकेक मूल आत यायचं, सर पाच प्रश्न विचारायचे, मी खुर्चीत. पहिली ममता. ती आली तीच बोलत आली. बुरशीच्या प्रश्नाला म्हणाली, “उदाहरणार्थ, मन्ही मावशीना घरनं लोणचं.” ठीक. दुसरा आला, त्याचंही उदाहरण मावशीच्या घरचं लोणचं. तिसऱ्याचंही. सातव्या मुलापर्यंत सगळ्या वर्गाला एकच मावशी होती आणि तिचं लोणचं एकाच दिवशी नासलं होतं. सरांनी उठून खिडकीतून पाहिलं. नळाजवळ ममता उभी होती आणि रांगेतल्या मुलांना प्रश्न-उत्तरं दोन्ही वाटत होती. आजीची नात शोभते.

परीक्षा थांबवली. सर म्हणाले, उद्या त्याच धड्यांवर नवे प्रश्न काढतो आणि सगळ्यांची पुन्हा घेतो. पण दुसऱ्या दिवशी वर्ग दहावीच्या बोर्डाला द्यायचे होते. व्हरांड्यात बाकं लागलेली, बाहेर ऊन. करमसिंग सरांचा चेहरा असा उतरला की मला राहवलं नाही.

“माझ्या ओसरीत घ्या,” मी म्हटलं. “मोठी आहे. सावली आहे.”

बोलून गेले आणि मग आठवलं, शनिवारी आमच्या घरी बिबड्या होत्या.

बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, आंबवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात तिखट-मीठ-लसूण घालून शिजवायची, आणि ते गरम पीठ, म्हणजे घाटा, ओल्या कापडावर थापून खाटेवर वाळत घालायचं. एकटीचं काम नाही; गल्लीतल्या सहा बाया एकमेकींकडे जातात. ज्वारी भिजवून तीन दिवस झाले होते. तिला परीक्षेचं वेळापत्रक सांगता येत नाही. एक दिवस थांबलं तर गल्ली नाक दाबून फिरली असती.

तर शनिवारी सकाळी माझ्या घराचा देखावा असा होता. अंगणात चूल, चुलीवर पातेलं, भोवती सहा बाया. ओसरीत टेबल, टेबलाशी करमसिंग सर, शेजारी खुर्चीत निरीक्षक म्हणून मी, हातात घाटा ढवळायचा मोठा लाकडी चाटू. समोर लिंबाखाली अडतीस मुलं, आणि त्यांनी एकमेकांशी बोलू नये म्हणून लक्ष ठेवायला झुलाल आबा, जे स्वतःच सगळ्यांशी बोलत होते.

पहिल्याच मुलाला सरांनी विचारलं, “आंबवणं म्हणजे काय?” मुलाने तोंड उघडायच्या आत अंगणातून सहा बायांनी उत्तर दिलं. त्यातही दोन मतं निघाली. एकीचं म्हणणं दोन दिवस पुरे, दुसरीचं तीन. सर हात जोडून म्हणाले, “बायांनो, तुमची परीक्षा नाही.” सुगंधाबाई म्हणाली, “मंग आम्हले येस तेच कसाले इचारतस?” आणि खरं सांगू, मलाही तिचं पटलं. पहिल्यांदाच.

आमच्या घरी आलेलं माणूस उपाशी जात नाही. गरम घाट्यावर तेल टाकून एकेक वाटी मुलांना द्यायला मी उषाला सांगितलं. ही माझी चूक झाली, म्हणतात. पंधराव्या मुलापासून पुढे सगळी मुलं तोंडात घाटा घेऊन परीक्षेला येऊ लागली. एकाला सरांनी विचारलं, “सूक्ष्मजीव कुठे आढळतात?” तो पाच मिनिटं चावत होता, मग त्याने वाटीकडे बोट दाखवलं. सरांनी पूर्ण मार्क दिले. सरांनी स्वतः तीन वाट्या खाल्ल्या होत्या, हेही त्या मार्कांत धरायला हवं.

मग दिपमालाचा नंबर आला.

ती येऊन उभी राहिली. दोन वेण्या, हात मागे. बाया थापायच्या थांबल्या. सुगंधाबाई तर कापड हातात तसंच धरून पुढे सरकली. सर म्हणाले, “सांग दिपमाला, ज्वारी आंबट का होते?”

पोरीने तोंड उघडलं. मी फक्त धीर देण्यासाठी म्हटलं, “सांग ना, भिजत घातली की मग ती...”

“अक्का,” सर म्हणाले, “निरीक्षकांनी बोलायचं नसतं.”

बरं. मी गप्प. सरांनी दुसरा प्रश्न विचारला. दिपमालाने आधी सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली. डोळ्यांनी खुणावणं म्हणजे बोलणं नव्हे. सरांनी तिसरा विचारला. ती पुन्हा माझ्याकडे. मी खोकले. चौथ्याला मी उठून पातेल्यात चाटू असा काही फिरवला की ज्याला डोकं आहे त्याला उत्तर कळलंच पाहिजे. तिने उत्तर दिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला ती माझ्याकडे बघत होती, जणू घड्याळात किती वाजले ते बघते आहे. पाचवा प्रश्न सरांनी इतक्या हळू विचारला की मला ऐकू आला नाही. त्याचं तिने काहीतरी पुटपुटून उत्तर दिलं.

वीसपैकी दोन. ते दोन त्या पाचव्याचे.

“गरम घाटामा खडा लागना का काय पोरले?” सुगंधाबाई म्हणाली. तिच्या ममताला अठरा होते. त्या दिवशीच्या बिबड्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या, असं सगळ्या बाया म्हणतात. माझा हात थापताना जोरात पडत होता.

चार दिवसांनी करमसिंग सर अहवाल घेऊन घरी आले. निरीक्षकाची सही लागते. सरांना वाटलं मी नेहमीसारखी पिठाच्या हाताने सही करीन. पण रजिस्टरवरून मी शहाणी झाले होते. म्हटलं, “ठेवा. वाचून देते.”

मोठा तक्ता होता. मुलांची नावं, लेखीचे मार्क, तोंडीचे मार्क, फरक, संभाव्य कारण. बोट ठेवत ठेवत खाली आले. ममता, लेखी पंधरा, तोंडी अठरा. मग दिपमाला, लेखी सतरा, तोंडी दोन.

मी पुन्हा वाचलं. सतराच होते. लेखीत सतरा! आणि पुढे, ‘संभाव्य कारण: निरीक्षकांची उपस्थिती.’

“हे कोणाबद्दल आहे?” मी विचारलं.

सर जमिनीकडे बघत म्हणाले, “नाव नाही लिहिलं अक्का.”

“गावात निरीक्षक किती आहेत?”

“एक.”

मी अहवाल मिटला. सर बसूनच राहिले. त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं. मऊ आवाजात म्हणाले, “मार्क तोंडीचेच धरायचे आहेत. दोन. ठराव तसा आहे.” आणि अजून हळू, “मागाहून कोणीही बदल मागू नये, असंही त्यात आहे.”

दोन मार्कांवर साठ कसे व्हायचे? ऐंशीच्या मोठ्या परीक्षेत अठ्ठावन्न आणायचे, ते आमच्या गावात हेडसरांच्या मुलालाही कधी पडले नाहीत. म्हणजे पोरीचं नर्सिंग गेलं. आणि ते मी घालवलं, एकमताने, आबांच्या टाळ्यांसकट.

सर गेल्यावर मी दिपमालाकडून तिचा लेखीचा पेपर मागून घेतला. दह्याचा प्रश्न त्यातही होता. वाचायला मला बराच वेळ लागला. दुधातली साखर, ती खाणारे बारीक जिवाणू, त्यांच्यामुळे होणारं आम्ल, किती उष्णता लागते, सगळं ओळीने लिहिलेलं. कापड नाही, चूल नाही, ‘उघडून पाहू नये’ तर कुठेच नाही.

“हे पहिल्या चाचणीत का नाही लिहिलंस?”

ती गप्प. मीही गप्प राहिले. मला किती वेळ गप्प राहता येतं ते मलाच माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “तवय तू सांगेल तेच बरोबर लागनं.”

“आणि या वेळी?”

“या येळले सर म्हनेत, आजीले इचारीसन लिखू नका.”

उषा चुलीपाशी होती. पाठ आमच्याकडे. ती म्हणाली, “आत्याबाई, मला या घरात येऊन सोळा वर्षं झाली. माझंसुद्धा एक वाक्य अर्धंच राहिलंय.”

“कोणतं?”

“आता आठवत नाही.”

तिची पाठ हलत होती. हसत होती की काय, मी पाहायला गेले नाही. काही गोष्टी बाईने आपल्या मानासाठी न पाहिलेल्या बऱ्या.

पुन्हा तोंडी परीक्षा मागायची तर पुन्हा अर्ज. आबा लगेच हजर. “ठरावाच्या वरताण कारण पाहिजे अक्का. लिहू, पोरीला ताप होता. डॉक्टरचा कागद नशिराबादच्या माझ्या भाच्याकडून आणतो.” कागद-पेन काढून त्यांनी ‘सविनय’ लिहिलंसुद्धा. मला मोह झाला नाही असं नाही. तापाने कोणाची अब्रू जात नाही. पण दिपमाला दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, तसंच, घड्याळाकडे बघावं तसं. ताप होता म्हटलं असतं तर पोरीने तेही मान्य केलं असतं. विचारलं असतं तर थर्मामीटरचा आकडाही मी सांगेन तोच सांगितला असता.

मी आबांना चहा पाजून वाटेला लावलं आणि अर्ज स्वतः लिहायला बसले. चौथीनंतर सहीपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. भांडी घासून झाल्यावर बसले ती चहाच्या वेळेला उठले. तीन कागद फाडले. एकात माझी बाजूच जास्त झाली होती, एकात सुगंधाबाई आली होती. चौथ्यात एवढंच राहिलं: ‘दिपमालाची तोंडी परीक्षा परत घ्यावी. पहिल्या वेळी मी मध्ये बोलले. मुलीचा दोष नाही. ठराव मी केला होता, बदलही मीच मागते. कमलबाई.’

कारकुनाने तो मोठ्याने वाचला. कारकून नेहमी मनात वाचतो, त्याच दिवशी मोठ्याने वाचला. हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोणी लिहून दिला?”

“मी लिहिला.”

त्यांनी सही केली. दोन प्रतीही मागितल्या नाहीत. करमसिंग सर मात्र अडखळत म्हणाले, “अक्का, तुलनेचा नियम असा आहे की परिस्थिती तीच पाहिजे. जागा तीच, निरीक्षक तोच. नाहीतर फरक कशाने पडला ते धुळ्याला सांगता येणार नाही.”

म्हणजे मला त्याच खुर्चीत बसायचं होतं. आणि गप्प बसायचं होतं.

ही बातमी गल्लीत माझ्याआधी पोचली. सुगंधाबाई दारातच उभी होती. “कमल, तू गप बसशी? तोंडमा पानी धरीसन बस, तवयच जमी!” आणि सगळ्या बाया खदाखदा हसल्या.

तिने टोमणा मारला होता. पण मला तो उपाय वाटला.

पुढच्या शनिवारी ओसरीत तेच टेबल, तेच सर, तीच खुर्ची. या वेळी बिबड्या सुगंधाबाईकडे होत्या, पण सहाच्या सहा बाया कापडं टाकून माझ्या अंगणात. झुलाल आबा लिंबाखाली, लक्ष ठेवायला कोणी नसतानाही. मी पाण्याचा तांब्या खुर्चीशेजारी ठेवला, मोठा घोट भरला, गाल फुगवून बसले. सुगंधाबाईने पदर तोंडात कोंबला.

दिपमाला आली. सरांनी विचारलं, “ज्वारी आंबट का होते?”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे गाल फुगलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. ती वाट बघत राहिली. मीही. चिमण्या तेवढ्या वाळत घातलेल्या धान्यावर बोलत होत्या. मला आयुष्यात कुठला घोट एवढा मोठा वाटला नाही.

मग तिने मान सरांकडे वळवली आणि बोलायला लागली. पहिलं वाक्य तुटकच होतं. दुसरं जरा लांब. तिसऱ्यापासून पोर अशी सुटली की सरांना पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळेना. हातवारे करत होती, मध्येच “थांबा, अजून आहे,” म्हणत होती. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. पण ओळखीचा वाटला. माझाच होता, जरा पातळ.

चार प्रश्न झाले. सरांनी शेवटचा विचारला. “दही लागताना भांडं उघडून का बघू नये?”

माझा प्रश्न! माझं उत्तर! पाणी घशाशी आलं.

“उघाडीसन दखं ते थंड व्हई जास,” दिपमाला म्हणाली. “मंग जिवाणू काम करतस नही. मन्ही आजी तेच सांगस, उघाडू नका. आजीनं बरोबर शे. पन काबर, ते ती सांगस नही. इचारं ते म्हनस, मी सांगस म्हनीसन!”

अंगणातल्या सहाच्या सहा बाया फुटल्या. उषा दाराला धरून हसत होती, उघडपणे, माझ्यासमोर. आबा म्हणाले, “हे मात्र कायद्यात नाही.” सरांनी वीसपैकी वीस लिहिले, मला दिसलं.

आणि त्या गोंधळात घोट माझ्या घशाखाली उतरला.

तोंड मोकळं झालं. परीक्षाही संपली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, सुगंधाबाई तर पदर काढून तयारच होती. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. चाळीस वर्षांच्या दह्याबद्दल होतं, घरात कोण कोणाला काय शिकवतं त्याबद्दल होतं. दिपमालाही बघत होती. पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ओठ अर्धे उघडे होते, काहीतरी राहिलं होतं सांगायचं.

मी तांब्या उचलला आणि दुसरा घोट तोंडात भरला.